टकर आडनावाचा माग काढताना

टकर, फुलर आणि वॉकर या तिन्ही इंग्रजी आडनावांमागचा धंदा एकच. मागावरून उतरलेलं लोकरी कापड ओलं करून तुडवायचं, कुटायचं. मग ते आटतं आणि वीण घट्ट बसते. वॉकर म्हणजे चालणारा खरा, पण टपातल्या कापडावर. टकरच्या मुळाशी असलेल्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ तर ‘छळणे’! उत्तरेत वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर, अशी ढोबळ वाटणी. एक्झेटरला या कारागिरांच्या संघाचा 1471 सालचा टकर्स हॉल आजही उभा आहे.

धंद्यावरून पडलेलं आडनाव म्हणजे गावोगावी वेगळं घराणं. त्यामुळे ‘टकरांचं कुलचिन्ह’ म्हणून जे विकतात ते मी बाजूलाच ठेवलं. इंग्लंडात कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

डेव्हनच्या एका टकर घराण्यासाठी मी अलीकडून पलीकडे गेलो. सरकारी जन्मनोंदी 1 जुलै 1837 पासूनच्या, सूची तिमाहीवार. नोंदवायला 42 दिवस मिळत, म्हणून डिसेंबरातलं मूल पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत शोधायचं. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव सुरुवातीपासून दिसतं. एकाच तालुक्यातले दोन जॉन टकर वेगळे काढायला तेवढं पुरतं. 1875 आधी नोंद राहून गेली तरी आईबापांना दंड नसे, त्यामुळे काही मुलं सूचीत नाहीतच. 1841च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली असतात. ‘30’ लिहिलं असेल तर बाप्तिस्मा 1806 ते 1811 असा सगळा चाळावा लागतो.

त्यामागे चर्चच्या वह्या. इथे खरी फसगत तारखांची. 1752 आधी इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलायचं. लग्न मे 1701, बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1701, हे वाचून मूल लग्नाआधीचं वाटतं. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी 1702चा, म्हणजे बरोबर नऊ महिने. स्पेलिंगही टोकर, टूकर असं बदलतं. शोधताना टी, तारांकन (म्हणजे मधली अक्षरं कुठलीही) आणि शेवटी के-ई-आर टाकलं की तिन्ही सापडतात. मात्र नकलाकाराने पहिलंच अक्षर चुकीचं वाचलं असेल तर वही पानोपान पाहण्यावाचून इलाज नाही.

नातं पक्कं करायला मृत्युपत्रासारखा कागद नाही, आणि डेव्हनची नेमकी तीच 1942च्या बाँबहल्ल्यात एक्झेटरला जळाली. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात मंजुरीला गेलेली, बहुतेक पैसेवाल्यांची, तेवढी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. उरते 1641-42 ची, प्रोटेस्टंट धर्माशी निष्ठेच्या शपथेची यादी: गावातले 18 वर्षांवरचे पुरुष, फक्त नावं. बाप कोण, मुलगा कोण, काही नाही. तिथे मी वंशावळीची रेघ न जोडता तुटकच ठेवली.