बाप्तिस्म्याचं रजिस्टर आणि विक्रीची यादी

मागच्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी दाखला पाहिजे होता म्हणून गावाकडच्या चर्चमध्ये गेलो होतो, वैजापूर तालुक्यात. फादरांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढून दिली आणि पानं उलटता उलटता एकदम आज्ज्याचं नाव दिसलं. आज्जा जन्मभर सालानं राहिला, दुसऱ्याची बैलं, दुसऱ्याचं रान, ना सातबारा ना शाळेचा दाखला, त्याच्या नावाचा एक कागद घरात नाही आमच्या. पण इथं शाईनं नीट लिहिलेलं, आईचं नाव, बापाचं नाव, धर्मपिता कोण, कोणत्या फादरनं बाप्तिस्मा दिला. मोबाइलमध्ये फोटो काढला अन् बाहेर लिंबाखाली येऊन बराच वेळ बसून राहिलो.

आता हे का सांगायलोय, तर गेले काही दिवस मी रात्री जागून अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जेझुइट, म्हणजे येशूसंघाच्या, फादरांबद्दल वाचायलोय. आणि तिथंही अशीच रजिस्टरं आहेत, त्यातही बाप्तिस्मा, लग्न, मयत सगळं लिहिलेलं, फरक एवढाच की ज्याचं नाव लिहिलंय तो माणूस लिहिणाऱ्यांच्याच मालकीचा.

१६३४ साली इंग्लंडहून पहिली वसाहत मेरीलँडला आली, तिच्यासोबत जेझुइट फादर होते. त्यांना जमिनी मिळाल्या, सेंट इनिगोज, न्यूटाऊन, सेंट थॉमस मॅनर, व्हाइट मार्श, अशा मोठमोठ्या इस्टेटी झाल्या, तिथं तंबाखू पिकायची, पुढं गहू-मकाही. सुरुवातीला करारावरचे मजूर होते, मग गुलाम आले, आणि या शेतीच्या पैशावर मिशन चालायचं. वॉशिंग्टनजवळचं जॉर्जटाऊन कॉलेज १७८९ चं, त्याच्याही पाठीमागं हीच शेती. फक्त जेझुइटच असंही नाही, न्यू ऑर्लिन्सच्या उर्सुलाइन सिस्टर्सकडं गुलाम होते, मेरीलँडच्या कार्मेलाइट सिस्टर्सकडंही. सिस्टर म्हटलं की मला आमच्या दवाखान्यातली पांढऱ्या साडीतली सिस्टर आठवते, त्यामुळं हे वाचताना मला लई जड गेलं.

लोक काही गुमान सोसत नव्हते. एडवर्ड क्वीन नावाच्या माणसानं १७९१ मध्ये फादर जॉन ॲश्टनवर कोर्टात दावा लावला, म्हणाला माझी आजी स्वतंत्र बाई होती, तर मी गुलाम कसा, आणि १७९४ मध्ये तो जिंकला. टॉम ब्राऊनचं तसं झालं नाही. त्यानं १८३३ मध्ये सेंट लुईसहून येशूसंघाच्या वरिष्ठांना पत्र धाडलं, की जवळपास ३८ वर्षं तुमची चाकरी केली, बायकोही तुमच्याकडंच जन्मली वाढली, आता म्हातारे झालो, राहायला धड जागा नाही, आमचं स्वातंत्र्य आम्हाला विकत घेऊ द्या. म्हणजे स्वतःलाच विकत घ्यायला परवानगी मागायलाय माणूस. ते पत्र मी तीन वेळा वाचलं.

मग १८३८. कॉलेज कर्जात बुडालेलं, शेती परवडत नव्हती. फादर थॉमस मलेडी तेव्हा जेझुइटांच्या मेरीलँड प्रांताचे प्रमुख, त्यांनी १९ जूनला करार केला, २७२ माणसं, किंमत १ लाख १५ हजार डॉलर. घेणारे दोघं, हेन्री जॉन्सन, जो आधी दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्याचा गव्हर्नर होता, आणि जेसी बेटी. भागाकार केला तर माणशी सव्वाचारशे डॉलरच्या आतबाहेर येतं, तान्ही लेकरं धरून. यादीत सगळ्यात वर आयझॅकचं नाव आहे, वय ६५.

रोमहून जनरलनं, म्हणजे सगळ्या जेझुइटांच्या प्रमुखानं, अटी घातल्या होत्या, कुटुंबं तोडायची नाहीत, त्यांना धर्म पाळता आला पाहिजे, पैसा कर्जफेडीला वापरायचा नाही. कागदावर सगळं होतं. कुटुंबं तुटली, कितीतरी जण जिथं चर्चच जवळ नाही अशा मळ्यांवर गेले, आणि पहिल्या हप्त्याचा बराचसा पैसा कॉलेजच्या कर्जातच गेला. काही जण रानात लपले, काहींची बायको किंवा नवरा दुसऱ्या मालकाकडं म्हणून ते मागं राहिले, बाकीचे लुइझियानाला, ऊस अन् कापसाच्या रानात. आमच्याकडून कारखान्यावर तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात, ती गुलामी नाही हे मला कळतं, पण ऊस म्हणलं की पोटात कालवलंच.

मलेडींना १८३९ मध्ये पद सोडावं लागलं आणि युरोपात पाठवलं, पण काही वर्षांनी ते परत आले आणि होली क्रॉस कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच १८३९ च्या डिसेंबरात पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. विकलेल्या माणसांचं जहाज आदल्याच हिवाळ्यात लुइझियानाला जाऊन पोचलं होतं.

गुलाम म्हटलं की आपल्याकडं मलिक अंबर आठवतो, विकला गेलेला पोरगा ज्यानं खडकी वसवली, खुलताबादला त्याची कबर आहे. त्याचं नाव राहिलं कारण त्यानं राज्य चालवलं. कॉर्नेलियस हॉकिन्स तेरा वर्षांचा असताना त्या १८३८ च्या विक्रीत विकला गेला, त्यानं काही राज्य चालवलं नाही, तरी १९०२ मध्ये मेला तेव्हा लुइझियानातल्या मॅरिंग्विन गावच्या कॅथलिक दफनभूमीतच त्याला पुरलं. ज्यांनी विकलं त्यांचाच धर्म त्यानं धरून ठेवला. हे मला कळतही नाही आणि सोडवतही नाही.

या विकलेल्या माणसांचे वंशज आज सापडले ते याच रजिस्टरांमुळं, विक्रीच्या यादीमुळं. जॉर्जटाऊननं २०१७ मध्ये माफी मागितली, मलेडींच्या नावाची इमारत आता यादीत सगळ्यात वर असलेल्या त्या आयझॅक हॉकिन्सच्या नावानं आहे. २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांसाठी १० कोटी डॉलर उभे करायचं जाहीर केलं.

आज्ज्याच्या आईचंही पान असेल. फादरांना सांगून ठेवलंय, रविवारी मिस्सा झाल्यावर त्याच्या आधीचं रजिस्टर काढणार आहेत.