गॉर्डनव्हिलचा चिखल आणि बिडावरची अक्षरं

जुन्या गवतकापणी यंत्राच्या सीटमध्ये ‘डीअरिंग’ अशी आरपार अक्षरं ओतलेली होती, म्हणून यंत्रही डीअरिंग कंपनीचंच असं आम्ही धरून चाललो होतो.

न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत आमच्या घरामागे एका वयस्कर शेतकऱ्याचं रान आहे. त्यांच्याकडे बेल्जियन जातीचे दोन घोडे आहेत, धिप्पाड आणि शांत. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी एका पडक्या कोठारामागून घोड्यांनी ओढायचं गवतकापणी यंत्र विकत आणलं. चाकांतून वेली उगवल्या होत्या आणि पातं गंजून खोबणीतच अडकलं होतं. माझं बालपण वाडा तालुक्यात गवताच्या वखारींजवळ गेलं. पावसाळा सरला की विळे घेऊन माणसांची रांग रानात उतरायची आणि गवताचे भारे ट्रकने मुंबईच्या तबेल्यांकडे जायचे. त्या रांगेचं काम दोन घोडे आणि एक माणूस कसं उरकत असतील, हे पाहिल्याशिवाय मला राहवणार नव्हतं.

मार्चमधल्या एका शनिवारी पहाटे आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीकडे निघालो. तिथल्या गॉर्डनव्हिल गावात स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मदतीसाठी लिलाव भरतो. असल्या लिलावांना तिकडे ‘मड सेल’, म्हणजे चिखलातली विक्री, म्हणतात. हिवाळ्यात गोठलेली जमीन सुटून शेतं भिजलेली असतात आणि पहिल्या तासातच घोटे चिखलात रुततात. गोधड्या, बग्ग्या, नांगर, जू, घोड्यांचे साज असं सगळं एकाच वेळी पाचसहा ठिकाणी पुकारलं जात होतं. काळ्या टोप्यांची गर्दी, वाफाळतं सूप आणि पेनसिल्व्हेनिया डच या जर्मन बोलीतली बोलणी. ही गर्दी अमिश लोकांची, विजेच्या तारेपासून दूर राहून घोड्यांनी शेती करणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. बाहेरच्या सगळ्यांनाच ते ‘इंग्लिश’ म्हणतात, त्यामुळे त्या दिवशी मीही इंग्लिशच होतो. त्यांना चेहऱ्याचे फोटो काढलेले आवडत नाहीत. मी कॅमेरा गाडीतच ठेवला.

गाडीतून आणलेली ती सीट आम्ही जुन्या यंत्रांच्या रांगेशी उभ्या असलेल्या एका अमिश कारागिराला दाखवली. त्याने ती हातात घेतली आणि लगेच बाजूला ठेवली.

“सीट एका बोल्टवर बसते. कुठलीही कुठेही बसते. गिअरची पेटी उघडी आहे की बंद?”

फोटोत पेटी बंद दिसत होती, खाली तेल साठवायची जागा असलेली. मग हे जुनं डीअरिंग नव्हे, असं तो म्हणाला. आधीच्या यंत्रांचे दाते उघडे असत आणि धूळ खाऊन झिजत. त्याने आमच्याकडून गिअरपेटीच्या कडेचा फोटो मागून घेतला, मग घोडे जुंपायच्या दांडीजवळच्या जोडाचा, मग चाकाच्या तुंब्याचा. बिडाच्या जवळपास प्रत्येक भागावर ओततानाच उठवलेला क्रमांक असतो. रंग पुसला जातो, सीट बदलते, लाकूड कुजतं, पण हा क्रमांक टिकतो. तो पाहून त्याने सांगितलं, “मॅककॉर्मिक-डीअरिंग, सात नंबर.”

हा घोळ का होतो, ते इतिहासात दडलेलं आहे. मॅककॉर्मिक आणि डीअरिंग ही एकमेकांची कट्टर स्पर्धक घराणी. १९०२ साली दोन्ही कंपन्या, आणखी तीन कंपन्यांसह, इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये विलीन झाल्या. तरी दोन्ही नावांची यंत्रं वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे विकली जात राहिली. १९१८ मध्ये मक्तेदारीविरोधी खटल्यातून ‘एका गावात एकच विक्रेता’ असं बंधन आलं आणि १९२० च्या दशकात जोडनाव पुढे आलं. सात नंबर आणि त्यानंतरचा नऊ नंबर हे त्या जोडनावाचे बंद पेटीचे नमुने. अनेक अमिश शेतकरी आजही या दोघांना पसंती देतात, आणि सुटे भागही याच भागातल्या छोट्या कारखान्यांत बनतात.

पंधरा दिवसांनी अख्खी कापपट्टी, म्हणजे पातं जिच्यात मागेपुढे धावतं ती लांब पट्टी, पिकअपमध्ये घालून आम्ही त्या कारागिराच्या कार्यशाळेत गेलो. विजेची तार नाही. बाहेरच्या पडवीत डिझेल इंजिन, त्यावर हवेचा कॉम्प्रेसर आणि आत हवेवर चालणारी अवजारं. उजेड छतातल्या झरोक्यांतून येत होता.

पात्याच्या लांब पट्टीवर तीन-तीन इंचांची त्रिकोणी पाती रिव्हेटनी बसवलेली असतात. जुनी काढायला मी ड्रिल शोधत होतो. त्याने पट्टी व्हाइसच्या, म्हणजे लोखंडी पकडीच्या, जबड्यांवर टेकवली, त्रिकोणाची पाठ वर केली आणि हातोडीचा एकच घाव घातला. दोन्ही रिव्हेट कापले जाऊन पातं खाली पडलं. पुढचा तासभर मी तेच करत होतो, आणि त्या कामाचा इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

खरं कसब मात्र जुळवणीत आहे. कापपट्टीतून पुढे आलेल्या लोखंडी टोकांना बोटं म्हणतात; गवत कापतं ते पातं आणि खालच्या बोटांवरची पोलादी चकती यांच्या कात्रीने. एखादं बोट जरी वाकलेलं असलं, तर तिथे गवत कापलं न जाता चघळलं जातं. तो पट्टीच्या टोकाशी डोळा लावून एका रेषेत बघायचा आणि उंच-खाली असलेलं बोट ठोकून सरळ करायचा. चाक फिरवल्यावर फ्लायव्हीलपासूनचा लाकडी दांडा, ज्याला पिटमन म्हणतात, पात्याला मागेपुढे ढकलतो. प्रत्येक फेरीच्या टोकाला त्रिकोणी पात्याचा मध्य बोटाच्या मध्यावर यायला हवा. तो आला नाही, तर यंत्र जड ओढतं आणि घोडे थकतात.

आणखी एक गोष्ट त्याने समजावली ती मी विसरणार नाही. पाच फुटांच्या पट्टीचं बाहेरचं टोक आतल्या टोकाच्या सव्वा इंच पुढे ठेवायचं. उभं असताना ती वाकडी दिसते. रानात गवताच्या दाबाने ती मागे सरकते आणि मग पातं व पिटमन एका रेषेत येतात.

शेजाऱ्यांना यंत्र चकचकीत लाल करायचं होतं. मी विरोध केला. जाड रंगाच्या थराखाली तेच क्रमांक बुजतात, ज्यांच्यामुळे आम्हाला यंत्राची ओळख पटली. शेवटी बिडावर ब्रश आणि रॉकेल, त्यावर जवसाचं तेल, एवढंच केलं. नवी दांडी मात्र अ‍ॅश लाकडाची बसवली.

घरी परत जोडल्यावर दोन्ही चाकं ठोकळ्यांवर उचलली. पुढे फिरवलं की पातं सरसर धावत होतं. मागे फिरवलं की चाकातल्या खटक्यांचा कटकट आवाज यायचा आणि पातं जागचं हलायचं नाही. तसंच हवं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घोडे जुंपले. पहिल्या पन्नास पावलांत दोघेही कान मागे टाकून होते, मग चाल जमली. शिवणयंत्राची धाव आणि त्यावर घुंगरांसारखी बारीक किणकिण, असा काहीसा तो आवाज. मागे गवत एका बाजूला अलगद झोपत गेलं, कापून उरलेली सड सगळीकडे सारख्या उंचीची. शेताच्या टोकाला शेजाऱ्यांनी पट्टी पायाने वर उचलली, खाली उतरले आणि पिटमनच्या बेअरिंगवर हात ठेवला.

“कोमट,” ते म्हणाले, आणि घोड्यांना वळवलं.