क्लोझापिन, एस.टी.चं तिकीट आणि ग्रँट

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्र शिकवते. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, त्याच्या दर तीन रुग्णांमागे साधारण एकाला नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. अशांसाठी क्लोझापिन आहे. १९८८ साली अमेरिकेतल्या चाचणीत, बाकी औषधांनी गुण न आलेल्यांपैकी ३० टक्के रुग्ण त्यावर सहा आठवड्यांत सुधारले. क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधावर फक्त ४ टक्के. एक मोठी अडचण आहे. क्वचित एखाद्याच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यापायी मृत्यू झाले होते. म्हणून आम्ही पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतो. गोळी स्वस्त आहे, पण दर आठवड्याला तालुक्याहून जिल्ह्याला येणं महाग पडतं. माणसं औषध सोडतात ती बऱ्याचदा इथेच.

माझा प्रश्न साधा होता. रक्त जवळच्या ग्रामीण रुग्णालयात घेतलं आणि गावातलीच प्रशिक्षित कार्यकर्ती घरी जात राहिली, तर वर्षभरानंतर जास्त लोक औषधावर टिकतात का? हे सिद्ध करायला पैसे हवे होते.

आधी एका औषध कंपनीत गेले. चहा झाला, कौतुक झालं, काम झालं नाही. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. पेटंट कधीच संपलेल्या गोळीवर ते का खर्च करतील? लिथियमचंही तेच. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉक्टर जॉन केडने उन्मादावर त्याचा गुण दाखवला, पण ते पडलं साधं क्षार. त्यात कुणाचा फायदा? याउलट स्किझोफ्रेनियाचं वेगळ्या मार्गाने काम करणारं एक औषध बनवणारी करुणा ही कंपनी ब्रिस्टल मायर्स स्क्विबने १४ अब्ज डॉलरला घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. नवी औषधं हवीतच, मला हेवा नाही. पण जुनं, गुणकारी औषध माणसापर्यंत पोचवायचं संशोधन सरकारी किंवा धर्मादाय पैशावरच होणार, एवढं त्या चहात कळलं.

मग सरकारी निधीसाठी अर्ज. आधार म्हणून कोप्सी चाचणी दाखवली. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश धर्मादाय संस्थेच्या पैशावर झालेली, २८२ रुग्णांची, २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेली. स्थानिक कार्यकर्त्यांच्या जोडीने केलेले उपचार नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा सरस ठरले; फरक माफक, पण खरा. परीक्षकांपैकी एकांनी लगेच विचारलं, “मग तुमचं नवीन काय?” त्याला उत्तर होतं: आमचे सगळे रुग्ण क्लोझापिनवरचे, आणि मोजायचं होतं ते औषधावर टिकणं.

खरी घासाघीस बजेटवर झाली. यंत्रसामग्रीवर कुणी बोट ठेवलं नाही. सगळी चर्चा प्रवासखर्चावर. “रुग्णांना पैसे देणं म्हणजे प्रलोभन नव्हे का?” मी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं पुढे केली, प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यात मान्य आहे. तरी मान हलेना. शेवटी म्हटलं, “सर, मुलासोबत आई येते. एस.टी.त तिला अर्धं तिकीट, मुलाला पूर्ण, आणि दोघांचा दिवस बुडतो. याला प्रलोभन म्हणायचं का?” रक्कम कापली गेली, पण बजेटमधलं प्रवासखर्चाचं शीर्षक शाबूत राहिलं. शीर्षक राहिलं की पुढे वाढवून मागता येतं, हे आमच्या लेखा विभागातल्या काकांचं शहाणपण.

संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मला धास्ती होती, ती वेगळ्याच कारणाने खरी ठरली. संमतीचं आम्ही नीट मांडलं होतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या रुग्णावर संशोधन करायला राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून आम्ही संमती देऊ शकणारेच घेणार होतो. डॉक्टर सदस्यांनी आकडेमोड तपासली. मग कमिटीवरच्या सर्वसामान्य प्रतिनिधी, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, “मॅडम, तुमचा प्रोजेक्ट संपला की ही ताई यायची बंद होणार ना? त्या आईला काय सांगायचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्जात त्याला जागाच नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या टीमने रुग्ण पुढे सांभाळायचं लेखी कबूल केलं, तेव्हाच मंजुरी मिळाली. एवढ्या सगळ्या छाननीत सर्वांत उपयोगी प्रश्न तोच होता, असं माझं मत आहे.

त्यानंतर विमा, कारण चाचणीत इजा झाली तर भरपाई कोण देणार हे आधी दाखवावं लागतं. मग सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. एप्रिल २०१८ पासून ती पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते.

पैसे आले ते आर्थिक वर्ष सरता सरता. उरलेली रक्कम पुढच्या वर्षात वापरायची परवानगी, खर्चाचं विवरण, पैसे ठरल्या कामावरच खर्चले असं सांगणारं १२-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र, आणि मगच दुसरा हप्ता. मधल्या काळात मानधन थांबलं आणि एक चांगली कार्यकर्ती अंगणवाडीत लागली. तिला दोष कसा देणार? तिच्या जागी आलेल्या ताईंचं प्रशिक्षण गेल्या आठवड्यात झालं, आणि मानधनात खंड पडू नये म्हणून महाविद्यालयाने तात्पुरती उचल द्यावी, असं पत्र मी डीन साहेबांकडे दिलंय. ते सध्या लेखा विभागात आहे. काका म्हणतात, होईल.