एका एकराची माती

2025 च्या सप्टेंबरअखेर सीनेचा पूर ओसरल्यावर परंडा तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात मी पंचनाम्यासाठी गेलो होतो. कृषी सहायक म्हणून मी आजवर केलेले बहुतेक पंचनामे पावसाअभावी वाळलेल्या पिकांचे होते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; त्या दुष्काळानंतर ठिबक घ्या, सोयाबीन रुंद वरंबा सरीवर पेरा, हेच मी गावोगाव सांगत आलो. ज्या मावशींच्या शेतात मी उभा होतो, त्यांनी ते सगळे मनावर घेतले होते.

आता तिथे वरंबे नव्हते, सऱ्या नव्हत्या आणि सोयाबीनही नव्हते. नदीकडच्या एका एकरातली काळी माती खरडून जाऊन खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता, आणि मिरचीच्या ठिबकच्या नळ्या बांधावरच्या बाभळीला गुंडाळल्या होत्या. मावशींनी पिशवीतून वही काढली. ठिबकचा खर्च, बीबीएफ म्हणजे रुंद वरंबा सरी यंत्राचे भाडे, सगळे तारखेसह लिहिलेले होते. अनुदान मागाहून खात्यावर येते, म्हणून आधी घालायच्या पैशांसाठी त्यांनी बचत गटाचे कर्ज काढले होते.

"साहेब, हे कुठं लिहायचं?"

माझ्या नमुन्यात पीक होते, क्षेत्र होते, नुकसान 33 टक्क्यांहून अधिक आहे का, हेही होते. या खर्चाला मात्र रकाना नव्हता. हवामान बदलतेय म्हणून शेती बदला, असे आम्हीच सांगतो. मग त्या बदलाचा खर्च वाहून गेल्यावर तो मोजायचा नाही, हे मला अजूनही पटत नाही.

बांधालगत शिल्लक राहिलेल्या थराला टेप लावला, तो सहा इंच भरला. एका एकराला अर्धा फूट माती म्हणजे सुमारे 218 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). खरडलेल्या जमिनीला पुढे हेक्टरी 47 हजार रुपये जाहीर झाले, तेव्हा मी हिशेब करून पाहिला: एका ब्रासला नव्वद रुपयेही येत नव्हते. मनरेगातून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामेही जाहीर झाली, पण रब्बी ज्वारीची पेरणी त्या कामांसाठी थांबणार नव्हती.

शेऱ्याच्या जागेत मी ठिबक, भाडे आणि कर्ज यांचे आकडे लिहिले. मावशींनी ते माझ्याकडून वाचून घेतले, वहीशी ताडून पाहिले आणि मगच सही केली.