तुम्ही विचारलंत म्हणून: माणूस गेलं, आता केस कशाला?

मी ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा होतो तिथे, वकिली करते. दवाखान्यात घरचं माणूस दगावलेले लोक येतात आणि पिशवीतून कागद काढायच्या आधीच विचारतात, "ताई, केस करून माणूस परत येणार आहे का? वर लोक म्हणतील, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातायत."

तेव्हा मी त्यांना अच्युतराव खोडवांची केस सांगते. जुलै 1963. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात त्यांच्या पत्नी बाळंत झाल्या. मुलगा झाला. तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं. मग ताप चढला, पोट दुखायला लागलं. पुन्हा पोट उघडलं तेव्हा आत टॉवेल राहिलेला निघाला. 24 जुलैला त्या गेल्या. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये भरपाई दिली, हायकोर्टाने ती रद्द केली आणि सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये पुन्हा कायम केली. तोवर ते बाळ बत्तीस वर्षांचं झालं होतं. इतका उशीर हा अन्यायच. तरीही पोटात कपडा राहणं हा हलगर्जीपणा आहे आणि त्याची भरपाई सरकारनेच द्यायची, हे त्या घराला लेखी मिळालं. नुसत्या सांत्वनाने ते मिळालं नसतं.

रागाच्या भरात बरेच जण आधी पोलीस ठाणं गाठतात. पण डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला हलगर्जीपणा ढळढळीत असावा लागतो, असं सुप्रीम कोर्टाने 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सांगितलंय. भरपाईच्या दाव्याला एवढी कडक कसोटी नसते. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. सगळ्यांनाच फुकट उपचार देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी कोर्टातच जावं लागतं.

आणि कागद! रुग्णाची फाईल मागितल्यावर 72 तासांत द्यायची, असा डॉक्टरांसाठी नियमच आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. त्याहून अवघड गोष्ट शवविच्छेदनाची. "आता आणखी चिरफाड नको" म्हणून घरचे नकार देतात. त्यांचं मन मला कळतं. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हीही नकोच म्हटलं होतं, आणि ते नेमके कशाने गेले हे आई जाईपर्यंत आम्हाला तिला सांगता आलं नाही. म्हणून शंका असेल तर छातीवर दगड ठेवून हो म्हणा, एवढं मी कळवळून सांगते.

प्रत्येक मृत्यूमागे चूक असतेच असं नाही. कित्येकांना मी स्वतःच केस करू नका म्हणते. मध्यंतरी एक गृहस्थ बायकोची फाईल घेऊन आले होते. एका ओळखीच्या डॉक्टरांकडून ती नीट वाचून घेतली. उपचारांत कुठेच कसूर नव्हती. मी तसं सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "आणि मी तिला उशिरा आणलं होतं का?"

फाईलमध्ये त्याचंही उत्तर होतं. उशीर झालेला नव्हता.