चहाचे दहा रुपये आणि पॉवर सिरीज

काल जळगावला चहाचे १० रुपये द्यायचे होते, खिशात १, २ अन् ५ ची ढीगभर नाणी, तर भाच्यानं विचारलं मामा किती प्रकारे देता येतील? मग मी त्याला जनरेटिंग फंक्शनच सांगितलं, म्हणजे मोजणीची उत्तरं क्षच्या घातांच्या न संपणाऱ्या बेरजेत (पॉवर सिरीजमध्ये) मांडायची युक्ती. २ च्या नाण्याची सिरीज १ + क्ष^२ + क्ष^४ + ... अशी, म्हणजे घात हा त्या नाण्यांनी दिलेले रुपये: ०, २, ४...; १ ची अन् ५ ची पण तशीच, तिन्ही गुणायच्या. गुणताना घातांची बेरीज होते ना, म्हणजे रुपयांचीच, म्हणून क्ष^१० चा सहगुणक (त्याच्या आधीचा आकडा) हेच उत्तर: १०. क्षची किंमत विचारायचीच नाही, तो केळीच्या घडाच्या दांड्यासारखा, आकड्यांच्या फण्या आपापल्या जागी धरून ठेवतो. गणितज्ञ ऑयलरनं १७४८ मध्येच संख्यांची विभाजनं (एक संख्या बेरजेत किती प्रकारे फोडता येते ते) अशी मोजली होती, मला हे फार सुंदर वाटतं. भाचा आता २० रुपयांचं मोजतोय.