कापूस वेचणीचा हिशेब, आवृत्ती 4: टेबलं नव्याने मांडली

वेचणीच्या मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्या या डेटाबेसचा पाया तोच आहे: एसक्यूलाइट (सगळी टेबलं एकाच फाइलीत ठेवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर), एक फाइल, साधा लॅपटॉप. यवतमाळकडच्या कापसाच्या गावांत वेचणीचा हिशेब कसा चालतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना गरज समजावून सांगायला नको. दिवसभर वेचलेलं गाठोडं धुऱ्यावर काट्याला लावायचं, किलो टिपायचे, मधे कोणी उचल (आगाऊ पैसे) घेतं, आणि आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी चुकारा. आवृत्ती 3 मध्ये हे सगळं एकाच रुंद टेबलात होतं. आता पाच टेबलं आहेत: मजूर, शेत, वेचणी, वजन, उचल.

सगळ्यात जास्त विचार लागला तो किलोमागच्या मजुरीच्या दराला. दर मजुराचा नसतो आणि गाठोड्याचाही नसतो. त्या शेतात, त्या दिवशी, सगळ्या टोळीसाठी एकच दर ठरतो. पहिल्या वेच्याला कमी, शेवटच्या वेच्याला बोंडं विरळ झाल्यावर जास्त. म्हणून ‘वेचणी’ टेबलात शेत_क्र, तारीख आणि दर_पैसे आहेत, आणि शेत_क्र व तारीख या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा येऊ न देणारं) आहे. ‘वजन’ टेबलात फक्त वेचणी_क्र, मजूर_क्र आणि ग्रॅम. दर प्रत्येक गाठोड्यासमोर लिहिला की तो बदलताना वीस ओळी बदलाव्या लागतात, आणि त्यातली एक सुटली की कोणता आकडा खरा हे फाइल सांगू शकत नाही. ‘या तारखेपासून हा दर’ असं वेगळं टेबल करता आलं असतं, पण एकाच दिवशी दोन शेतांत दोन दर असतात, शिवाय प्रत्येक क्वेरीत (माहिती काढण्याच्या आज्ञेत) ‘त्या तारखेआधीचा शेवटचा दर’ शोधत बसावं लागतं. ते टाळलेलंच बरं.

‘वजन’मध्ये मात्र वेचणी आणि मजूर या जोडीवर युनिक लावू नका. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा काटा होतो, तेव्हा एकाच बाईच्या दोन ओळी येणारच. ‘रक्कम’ आणि ‘बाकी’ हे कॉलम काढून टाकले. मोजून मिळणारी गोष्ट साठवायची नाही.

पाचही टेबलं स्ट्रिक्ट (कॉलमचा प्रकार काटेकोर पाळणारी) केली. ही सोय 3.37 आवृत्तीपासून, म्हणजे 2021 पासून आहे. एरवी एसक्यूलाइट इंटिजर कॉलममध्येही मजकूर मुकाट्याने ठेवतं. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून ‘१८४००’ आलं की ते आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून बसतं आणि बेरजेत शून्य धरलं जातं. एररही येत नाही. स्ट्रिक्ट टेबल अशी ओळ तिथंच नाकारतं. वजन ग्रॅममध्ये, रक्कम रुपयांऐवजी पैशांत, दोन्ही पूर्णांक, 18.4 किलो म्हणजे 18400. भागाकार फक्त शेवटी, एकदाच, आणि 1000 ऐवजी 1000.0 ने. दोन्ही बाजू पूर्णांक असल्या तर अपूर्णांक कापला जातो.

तारखेसाठी वेगळा प्रकार नाही, म्हणून टेक्स्ट कॉलम आणि 2024-11-05 अशी मांडणी. चेक बंधनात (ओळ घेण्याआधी तपासायच्या अटीत) ‘डेट(तारीख) = तारीख’ लिहिलं तर ते कुचकामी ठरतं. ‘5/11/2024’ आलं की डेट फंक्शन नल (म्हणजे ‘काहीच नाही’) देतं, नलशी तुलना केली की उत्तर नल, आणि चेक फक्त शून्यावर (म्हणजे ‘खोटं’ या उत्तरावर) अडवतं, नलला जाऊ देतं. बरोबरीच्या चिन्हाऐवजी ‘इज’ वापरा, मग अडतं.

आता वऱ्हाडे. हे आडनाव पडद्यावर एकसारखं दिसतं, पण दोन कीबोर्ड ते दोन प्रकारे लिहितात. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (जोडचिन्ह). लेंग्थ फंक्शन पहिल्याला 7 म्हणतं, दुसऱ्याला 8. शोधताना माणूस सापडत नाही, मग यादीत दुसऱ्यांदा घातला जातो, आणि त्याची उचल एका क्रमांकावर, वजन दुसऱ्या क्रमांकावर. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी प्रक्रिया) या दोघांना एक करत नाही. उपाय नोंद करतानाच, दुसरं रूप बदलून पहिलं करायचं: रिप्लेस(नाव, कॅर(2352, 2381, 8205), कॅर(2353, 2381)). सोबत नावाच्या कॉलमवर चेक, की कॅर(8205) आत सापडता कामा नये. एसक्यूलाइट टेबलांना आणि कॉलमांनाही देवनागरी नावं घेतं, तिथंही हाच धोका. ‘शेतकऱ्यांची_बाकी’ नावाचा व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, साठवलेली क्वेरी) एका कीबोर्डवर केला आणि दुसऱ्यावरून बोलावला, तर ‘असं टेबल नाही’ हेच उत्तर येईल. व्ह्यूचं नाव म्हणून नुसतं ‘बाकी’ ठेवलं.

या ‘बाकी’ व्ह्यूची क्वेरी नीट पाहून घ्या. मजूर टेबलाला वजन आणि उचल दोन्ही थेट जोडली की आकडे फुगतात. समजा एकीची तीन गाठोडी: 18, 22 आणि 20 किलो, दर 10 रुपये, म्हणजे मजुरी 600. उचल दोनदा, 100 आणि 150. बाकी 350 यायला हवी. थेट जोडल्यावर तीन गुणिले दोन अशा सहा ओळी होतात. मजुरी 1200, उचल 750, बाकी 450. आकडा वेडावाकडा दिसत नाही, म्हणूनच तो निसटतो. सम डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरणारी बेरीज) हा उपाय नाही. दोन गाठोडी नेमकी 20 किलोची निघाली की त्यातलं एक गळतं. विथ वापरून मजुरी आणि उचल यांची मजूरवार बेरीज वेगवेगळी करा, मग दोन्ही बेरजा मजुराला लेफ्ट जॉइनने (जोड न मिळालेली ओळही राखणाऱ्या) जोडा, आणि कोअलेसने नलचा शून्य करा. शून्य केला नाही तर उचल न घेतलेल्या बाईची बाकी रिकामी दिसते. आठवड्याची तारीख-अट त्या आतल्या बेरजांमध्येच लिहायची. बाहेर व्हेअरमध्ये उचलीची तारीख तपासली की लेफ्ट जॉइनचा साधा जॉइन होतो आणि तीच बाई यादीतून गायब.

फॉरेन की (एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात खरंच आहे का, हे पाहणारं बंधन) एसक्यूलाइटमध्ये मुळात बंद असते. ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज = ऑन’ हे प्रत्येक वेळी फाइल उघडल्यावर द्यावं लागतं, एकदा देऊन भागत नाही. फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) आपोआप बनत नाही; वजन आणि उचल दोन्हींच्या मजूर_क्रवर तो हाताने केला.

भारनियमनात मधेच बंद पडलं तरी अर्धवट व्यवहार फाइलीत राहत नाही, तेवढा भरवसा ठेवायला हरकत नाही. मात्र वॉल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याच्या पद्धतीत) चालू फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करू नका, ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलीत असू शकतात. त्याऐवजी व्हॅक्यूम इंटू ही आज्ञा वापरा, तिने पूर्ण प्रत निघते.

बदलांच्या एसक्यूएल फाइली क्रमांकाने ठेवल्यात आणि फाइलीतला आवृत्ती क्रमांक (प्रॅग्मा यूझर_व्हर्जन) 4 वर आहे. आवृत्ती 5 मध्ये फरदडीचा (हंगामानंतरही न उपटता ठेवलेल्या कापसाचा) प्रश्न घ्यायचा आहे: फरदड ठेवलेल्या शेताची जानेवारीतली वेचणी कुठल्या हंगामात धरायची. हंगाम तारखेवरून काढायचा नाही, ‘वेचणी’त हंगाम_क्र घालायचा, एवढं ठरलंय.